मित्राची नववी

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार

वीसपैकी पाच! इंग्रजीत.

पेपर दप्तरात नव्हता, गादीखाली होता. चादर बदलताना हाताला लागला. खाली पालकांच्या सहीच्या जागी माझी सही — म्हणजे माझ्यासारखी. 'कांता गौ. तांबे.' तांब्यांतल्या 'तां'चा काना मी जरा लांब ओढते, तोसुद्धा तसाच ओढलाय. पंधरावं लागलेली माझी मुलगी माझी सही करायला शिकली, आणि मला पत्ता नाही.

पेपर होता तिथे ठेवला. वर चादर नीट घातली. संध्याकाळी ती आली, चहा प्यायली, "आज काही नाही झालं" म्हणाली. मी विचारलंही नव्हतं.

१३ फेब्रुवारी

आजही बोलले नाही. तीही नाही.

१७ फेब्रुवारी, शनिवार

ह्यांना जाऊन मे महिन्यात दोन वर्षं होतील. डेपोत बसखाली काम करायला गेले ते वर आलेच नाहीत. सोबतचे लोक म्हणाले, पाय बाहेर दिसत होते, आम्हाला वाटलं कामात आहेत. अर्धा तास वाटलं!

त्यानंतरच्या जलदानविधीला चाळीतल्या विहारात माणूस मावत नव्हता. भन्तेजींचं झालं, मग एकेक जण उठून बोलला. आमच्यात रीत आहे — गेलेल्या माणसाच्या नावाने कोणी विहाराला पंखा देतो, कोणी सतरंजी, कोणी शब्द देतो. आणि जे द्यायचं ते माईकवर सांगून द्यायचं. अमितभाऊजी उठले. ह्यांचे धाकटे भाऊ. रडून आवाज बसलेला. म्हणाले, "माझ्या गौतमदादाच्या संघमित्राला मी इंग्लिश मीडियममध्ये शिकवीन. आज सगळ्यांसमोर शब्द देतो." सगळे 'साधू, साधू, साधू' म्हणाले. मी पुढच्या रांगेत बसले होते, मित्रा माझ्या गुडघ्याला टेकून. तिला कोणी विचारलं नाही. मलाही नाही. त्या दिवशी मला कोणी काहीही विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

जूनमध्ये वडाळ्याच्या इंग्रजी शाळेत नाव घातलं. सातवी पास झालेली पोर, इथल्या मराठी शाळेत पहिल्या तिघांत — तिला परत सातवीत बसवली. "मीडियम चेंज आहे, एक वर्ष मागेच घेतो आम्ही." वर्गात सगळ्यांपेक्षा उंच. पहिल्या दिवशी परत आली ती खांदे पाडून, गुडघे वाकवून चालत. तेव्हापासून तशीच चालते.

आता आठवी संपत आली. घरात तिचा आवाज किती दिवसांत ऐकला नाही, असं मोजायला बसले तर भीती वाटेल म्हणून मोजत नाही.

२४ फेब्रुवारी

आज गाळ्यावर शाळेचीच पुस्तकं होती. गिरगावात बाइंडिंगच्या गाळ्यावर मला अकरा वर्षं झाली. छापून आलेले मोठे कागद आम्ही बायका घड्या घालून सोळा-सोळा पानांचे फर्मे करतो, मग शिलाई. मी गावाला चौथीपर्यंत शिकले. पुढचं सगळं ह्या फर्म्यांवर. सुरुवातीला हात चालायचे आणि डोळे रेंगाळायचे. एका गोष्टीची सतरा ते बत्तीस पानं वाचायची आणि पुढचं काय झालं ते कळायचंच नाही! मग वाचनालयाचं कार्ड काढलं. हे हसायचे — "बाई, तू पुस्तक मधूनच उघडतेस." सवयच तशी लागली.

शेवंतीला सहीचं सांगितलं. ती माझ्या शेजारी बसते, मालवणची. खो खो हसली. "गो बाय, सही केल्यान तर केल्यान! हुशार आसा चेडू. माझो झील तर बापसाची सही करूक गेलो नि आजोबांचं नाव लिवन इलो." मी पण हसले. मग तीच म्हणाली, "पण कांता, पोर गप झाली तर सांभाळ हां. बोलणाऱ्याचं काय नाय, गप ऱ्हाणाऱ्याचं भ्या वाटता."

२ मार्च, शनिवार

शाळेने बोलावलं. खोटी सही कळली नाही त्यांना, वेगळ्याच कारणासाठी बोलावलं.

मोठ्या बाई चांगल्या आहेत. मला खुर्ची दिली, मराठीत बोलल्या. कागदावर एक टिंब काढलं — "ही आठवी." तिथून तीन रेघा ओढल्या. नववी-दहावी हे एकच घर असतं म्हणाल्या, नववीला जे विषय घ्याल तेच बोर्डाला. म्हणून आत्ताच ठरवायचं. पहिली रेघ: इथेच राहायचं. म्हणजे इंग्रजी ही पहिली भाषा. मोठे धडे, कविता, स्वतःच्या मनाने दोन-दोन पानं लिहायची, आणि बाकीचे विषयही इंग्रजीतच. दुसरी: सेमी. मराठी शाळेत परत, पण गणित-विज्ञान इंग्रजीत. तिथे इंग्रजीचं पुस्तक सोपं, तिसऱ्या भाषेचं. तिसरी: सगळं मराठीत, इंग्रजी तेच सोपं.

"तुमच्या मुलीला पहिली रेघ जड आहे, मिसेस तांबे. पण निर्णय तुमचा. एप्रिल संपायच्या आत सांगा."

शेजारी इंग्रजीच्या दीपिका मिस बसल्या होत्या. लहान वयाच्या, बारीक. त्या काही बोलणार होत्या, तेवढ्यात घंटा झाली आणि वर्गावर गेल्या.

तो कागद मी मागून घेतला. तीन रेघांचा. पर्समध्ये आहे.

३ मार्च

मित्राला कागद दाखवला. "तुला काय वाटतं?"

"तू म्हणशील ते."

"मी नाही, तू सांग."

"राहू दे ना, आई."

राहू दे म्हणजे काय राहू दे? शाळा राहू दे, की विषय राहू दे? विचारलं तर उठून गॅलरीत गेली. दमलीय पोर. डोळ्याखाली काळं आलंय.

१० मार्च, रविवार

तिचं मराठीचं पुस्तक चाळलं. इंग्रजी शाळेत मराठी ही खालची भाषा, त्यामुळे पुस्तक बारीक. मोठी अक्षरं, चित्रं, खाली शब्दांचे अर्थ. 'नदी — पाण्याचा प्रवाह.' हिला! पाचवीत असताना वाचनालयातली जाडजूड पुस्तकं दोन दिवसांत संपवायची ती. मी घड्या घातलेल्या फर्म्यांतलं अर्धं तिला येऊन सांगायचे आणि पुढचं दोघी मिळून जुळवायचो. ती म्हणायची, खुनी जावईच. मी म्हणायचे, नाही गं, कंपाउंडर. हे मधे पडून, भिंतीकडे तोंड करून, "अरे झोपू द्या की रे कामगार माणसाला!"

आता ती माझ्याबरोबर वाचत नाही. विचारलं की म्हणते, होमवर्क आहे. वहीत डोकं घालून बसते. डिक्शनरी उघडते, बंद करते, उघडते. मी पुस्तक घेऊन शेजारी बसले की वही मिटते.

ह्यांचा चष्मा लावून वाचते मी. नंबर माझा नाही. डोकं दुखतं थोड्या वेळाने. लावते तरी.

२३ मार्च

अमितभाऊजी आले. केळी आणली, मित्रासाठी पेन आणलं. मी तीन रेघांचा कागद पुढे ठेवला. त्यांनी वाचला पण नाही.

"वहिनी, पहिलीच रेघ. टेन्शन नका घेऊ. सेट होईल पोरगी."

"दोन वर्षं झाली भाऊजी. सेट व्हायला अजून किती?"

"दोन वर्षं म्हणजे काय असतं? मी वीस वर्षं ऑफिसात काउंटरच्या ह्याच बाजूला उभा आहे. आत केबिनमध्ये बसतो तो माझ्यामागून आलेला. काम मी शिकवलं त्याला! पण साहेब आला की तो फाडफाड बोलतो, आणि मी नुसता येस सर. गौतमदादा मला काय म्हणाला होता माहितीये? पोरगी माझ्यासारखी नको राहायला."

हे असं म्हणाले असतील. म्हणालेही असतील. मला कधी म्हणाले नाहीत.

मग भाऊजी म्हणाले, ५ मेला विहारात दुसरं पुण्यस्मरण, रविवार आहे, गावाहून पण लोक येतील. मित्राने पप्पांवर इंग्लिशमध्ये बोलायचं. पाच मिनिटं. "सगळ्यांना दिसलं पाहिजे वहिनी. लोक मला विचारतात, काय शिकली म्हणून."

मित्रा मोरीत भांडी घासत होती. नळ बंद करून ऐकत होती. मग नळ परत चालू केला.

३० मार्च

काही नाही. गाळ्यावर सुट्टी. गहू निवडले.

६ एप्रिल, शनिवार

जुन्या शाळेत जाऊन आले. कोणाला न सांगता. हितेंद्र सर आता तिथे मुख्याध्यापक झालेत. मला लगेच ओळखलं. "संघमित्राच्या आई! या, या, बसा." स्वतः उठून पंखा लावला.

म्हणाले, नववीला सेमीची तुकडी भरली. पण पूर्ण मराठीच्या तुकडीत जागाच जागा आहे. अकरा मुलं. "आणि ताई, खरं सांगू? दोन वर्षं हिचं नुकसान झालंय, ते मराठीतच भरून निघेल. दहावीला शाळेत पहिली येईल. लिहून देतो."

परत निघताना दोनदा म्हणाले, दाखला मात्र जूनच्या आधी आणा हं. पटावर नाव लागलं पाहिजे. पट कमी झाला तर तुकडीच जाते, मास्तरही जातो. त्यांना मुलं हवीत, मला कळतं ते. पण खोटं काय बोलले?

शाळेच्या जिन्यावर तोच वास. ओल्या चपला आणि खडू. मला एकदम रडू आलं. जिन्यात थांबले, तोंड पुसलं, मग खाली आले.

१४ एप्रिल

जयंती. सगळी चाळ खाली, निळ्या झेंड्यांनी गल्ली भरलेली. मित्रा ताप आहे म्हणून वरच राहिली. हात लावून बघितला. ताप नव्हता.

२१ एप्रिल

परीक्षा झाली. भाऊजींनी भाषणाचा कागद पाठवला, कोणाकडून तरी टाइप करून. मित्रा भिंतीकडे तोंड करून पाठ करते. ओठ हलतात, आवाज नाही. मी आत आले की ओठ थांबतात.

"नको वाटत असेल तर मी भाऊजींना सांगते."

"जमेल मला."

"तुझा चेहरा बघ जरा आरशात."

"आई, प्लीज!"

एवढंच. पण 'प्लीज' इतकं जोरात म्हणाली की बाजूच्या खोलीतल्या मनवाने डोकावून बघितलं.

एप्रिल संपत आला. शाळेला काही कळवलं नाही मी. तीन रेघांचा कागद घडीवर फाटायला लागलाय.

५ मे, रविवार

लिहायलाच हवं.

विहार भरलेला. पुढे बाबासाहेबांचा फोटो, बुद्धमूर्ती, खाली ह्यांचा फोटो, मोगऱ्याचा हार. गावाहून मोठ्या नणंदा आल्या होत्या. वंदना झाली. दोघं-तिघं बोलले. मग भाऊजी माईकवर — "आता गौतमदादाची कन्या संघमित्रा आपल्या वडिलांबद्दल इंग्लिशमध्ये मनोगत व्यक्त करेल." टाळ्या! कार्यक्रम कसला आणि टाळ्या कसल्या.

मित्रा उठली. पांढरा ड्रेस. माईक तिच्यापेक्षा खाली होता, तिने वर केला नाही, स्वतःच वाकली. "माय फादर," म्हणाली. आणि थांबली.

पंख्याचा आवाज. ती ह्यांच्या फोटोकडे बघतेय. कागद हातात आहे, उघडत नाही. भाऊजी खालून, "बोल बेटा, बोल. घाबरायचं नाय." तिने एकदा तोंड उघडलं, मिटलं. मागून बायकांतून कोणीतरी — आवाज मला माहीत आहे, नाव लिहीत नाही — "दोन वर्षं काय शिकली मग?" कोणीतरी फिस्सकन हसलं.

मी कशी उठले मला माहीत नाही. मित्राला बाजूला घेतलं, माईक हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा.

"जय भीम. मी कांता गौतम तांबे. दोन वर्षांपूर्वी अमितभाऊजींनी ह्याच जागेवर शब्द दिला होता. तो त्यांनी पाळला. आज मी सगळ्यांसमोर त्यांना त्या शब्दातून मोकळं करते. माझी मुलगी जूनपासून तिच्या जुन्या शाळेत जाईल. मराठीत शिकेल."

कोणी साधू म्हणालं नाही.

माईक ठेवताना खर्रकन वाजला. मित्रा माझ्याकडे बघत होती. डोळे एवढे मोठे. मला वाटलं — सुटली पोर.

६ मे

भाऊजींचा फोन बंद. नणंदा न जेवता गावाला गेल्या.

९ मे

भाऊजी आले. दारातच उभे. आत या म्हटलं तर नाही आले.

"वहिनी, घरात सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं. माईकवर कशाला?"

"तुम्हीपण माईकवरच दिला होता."

"दिला होता. कोणाकडून काढून नव्हता घेतला."

ते चप्पल न काढता उभे होते आणि मला त्यांच्या पायांकडे बघवत नव्हतं. ह्यांचे पाय तसेच. अंगठ्याशेजारचं बोट लांब.

"मी दादासाठी करत होतो," म्हणाले. "मला दुसरं काय करता येत होतं?"

गेले. मित्रा पडद्यामागे होती. तिने जेवण वाढून घेतलं आणि अर्धं ठेवलं.

११ मे, शनिवार

वडाळ्याला दाखला काढायला गेलो, मी आणि मित्रा. निकालही मिळाला. आठवी पास. इंग्रजीत पास, काठावर नाही — त्याच्या जरा वर!

ऑफिसात क्लार्कने अर्ज पुढे केला. मी वाचायला लागले तेवढ्यात दीपिका मिस आल्या, धावत आल्यासारख्या. मला बाजूला घेतलं.

"काढू नका ना दाखला. एक वर्ष थांबा."

"फार जड जातंय हो तिला. बोलायची बंद झालीय."

"मी शीव कोळीवाड्यातली. आमच्या घरात मासळी विकतात. मी सातवीपर्यंत मराठी शाळेत होते, मग असंच इकडे. दीड वर्ष वर्गात तोंड नाही उघडलं मी. माझी आई पण रोज म्हणायची, काढते तुला. नाही काढलं तिने." मग म्हणाल्या, "संघमित्रा लिहायला लागलीय आता. चुका खूप आहेत, पण स्वतःचं लिहिते. बाकीची गाइडमधलं लिहितात. मला ती नववीला हवी आहे."

माझ्या हातात पेन होतं. खरं सांगते, पेन टेकलं नव्हतं अजून. मी मागे वळून मित्राकडे बघितलं. ती बाकावर, मांडीवर हात ठेवून, खाली बघत. "काय करू?" मी विचारलं. ती म्हणाली, "तू सांगितलंस ना सगळ्यांना."

तेच तर! विहारात दीडशे माणसांसमोर बोलून बसले होते. भाऊजींचा मान घेतला होता. आता परत जाऊन काय सांगू, की मी नुसतंच बोलले? त्या माणसाला चारचौघांत पाडलं ते उगीच?

सही केली. काना लांब ओढून.

निघताना मित्रा मिसजवळ गेली, इंग्रजीत काहीतरी बोलली. दोन-तीन वाक्यं असतील. मिसने तिचा हात हातात घेतला, सोडला, आणि पटकन आत गेल्या.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. थँक्यू म्हटलं."

थँक्यू मला कळतं.

२ जून

शेवंतीला सगळं सांगितलं. हसली नाही. म्हणाली, "केलंस ना? आता त्याच्यार विचार करू नको." आणि माझ्या वाटणीचे दोन गठ्ठे स्वतःकडे ओढून घेतले.

१८ जून, मंगळवार

जुन्या शाळेत गेली. नववी, मराठी. बारावं नाव पटावर. हितेंद्र सरांनी प्रार्थनेला तिला पुढे उभं करून सांगितलं, आपली विद्यार्थिनी परत आली! तिच्याबरोबरच्या मुली आता दहावीत आहेत. दुसऱ्या मजल्यावर. मधल्या सुट्टीत त्यांतली स्पृहा खाली भेटायला आली होती म्हणे.

"मग? बोललात?"

"तिचा क्लास होता. गेली."

चालताना अजून खांदे पाडूनच चालते. येईल हळूहळू. सवय आहे, जायला वेळ लागेल.

२९ जून

चाचणी झाली. मराठीत वीसपैकी एकोणीस! इंग्रजीत वीसपैकी वीस. सर म्हणाले, हे पुस्तक तिला फारच सोपं आहे, अर्ध्या तासात पेपर देऊन बसली. मी चाळीत सगळ्यांना पेढे वाटले. भाऊजींच्या घरीसुद्धा पाठवले. डबा परत आला, धुतलेला, रिकामा. निरोप नाही.

संध्याकाळी मी गाळ्यावरून एक वाया गेलेला फर्मा आणला होता, तेहेतीस ते अठ्ठेचाळीस पानं. छान जमलेली गोष्ट, बंद घरात एक म्हातारा. म्हटलं, ये, जुळवू या पुढचं.

"वाचते नंतर."

"आता कसला होमवर्क? तो तर होतो ना पटकन?"

हसली. खूप दिवसांनी हसली. पण लहान मुलाकडे बघून हसतात तसं. फर्मा तिच्या उशाशी आहे. घडी मोडलेली नाही.

४ जुलै

बोलेल. मराठीत आहे आता, बोलेल. वेळ द्यायला हवा.

११ जुलै, गुरुवार

मित्रा शाळेत गेल्यावर ओट्याजवळ तिची एक जाड वही उघडी दिसली. पानंच्या पानं इंग्रजी. वर तारखा घातलेल्या. पहिली गेल्या वर्षीच्या ऑगस्टातली, शेवटची कालची. गाइडमधलं नाही ते, एवढं मला कळतं. बसवरच्या पाट्या वाचून जी काय अक्षरं येतात ती लावत बसले, कामावर जायला उशीर झाला. दोनच शब्द लागले. पप्पा आणि आई. पप्पा बऱ्याच ठिकाणी. आई त्याहून जास्त.

संध्याकाळी म्हटलं, "वही उघडीच राहिली होती तुझी."

"राहू दे की."

"मराठीत लिहीत जा ना. किती छान आहे तुझं मराठी."

ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मराठी तुला वाचता येतं."